सावित्रीच्या मागोमाग

सुटी लागली की सहकुटुंब कोठेतरी जाऊन यावे, ही प्रथा आता आपल्या घरांतून चांगलीच रुजली आहे, व ती इष्टच आहे. आमच्या लहानपणी प्रवास म्हणजे एक तर लग्नकार्य, नाही तर यात्रा. केवळ डोंगर पाहावयाचा म्हणून, अथवा तळ्याकाठी घटकाभर बसावयाचे म्हणून कोणी पदरचे पैसे खर्चून घराबाहेर पडत नसे. तेव्हा नव्या पिढीस सृष्टिसौंदर्याची ओढ लागली, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु या ओढीबरोबर एक विलक्षण घाईही आली आहे. सकाळी अमुक पॉइंट, दुपारी तमुक तलाव, सायंकाळी सूर्यास्त. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे, आणि त्यांतली आठ छायाचित्रांत! घरी परतल्यावर काय पाहिले म्हणून विचारावे, तर ठिकाणांची यादी तोंडपाठ. पण त्यांतील एका ठिकाणाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे कोणास सांगता येत नाही. संस्कृताच्या वर्गात काही विद्यार्थ्यांना श्लोकातील प्रत्येक शब्दाचा अर्थ येत असे, मात्र अन्वय लावता येत नसे. आमच्या पुष्कळशा सहली अशाच बिनअन्वयाच्या असतात.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या नातवाने महाबळेश्वरास जाण्याचा हट्ट धरला. तो तेरा वर्षांचा आहे. एका दिवसात पाहावयाच्या बारा ठिकाणांची यादीही त्याने तयार ठेवली होती. आम्ही त्यास म्हटले, "बारा ठिकाणे नकोत. आपण एक नदी पाहू. पण उगमापासून समुद्रापर्यंत पाहू." त्याचा चेहरा किंचित उतरला खरा, पण समुद्राचे नाव ऐकताच तो तयार झाला. आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई व नातू असे पाच जण निघालो. नदी होती सावित्री. तीच का, त्यास एक जुने कारण होते; ते पुढे येईलच.

पहिला मुक्काम अर्थातच वेण्णा तलावाच्या काठी. हा तलाव निसर्गनिर्मित आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः साताऱ्याचे राजे अप्पासाहेब महाराज यांनी तो १८४२ साली बांधविला. त्यापूर्वी चौदा वर्षे, म्हणजे १८२८ च्या सुमारास, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात येथे इंग्रजांचे गिरिस्थान वसू लागले होते, व वाढत्या वस्तीस पाण्याची सोय हवी होती. नावा, घोडे, मक्याची कणसे यांची गर्दी सुरू होण्याअगोदर, पहाटे साडेसहाच्या सुमारास आम्ही तेथे गेलो. पाण्यावर धुके इतके दाट होते की पलीकडचा काठ दिसत नव्हता. हळूहळू उन्हाची तिरीप आली, धुके फाटू लागले, आणि पलीकडची झाडी आधी पाण्यात व मग काठावर दिसू लागली. दहा मिनिटांच्या भेटीत हे दृश्य मिळत नाही. त्यास तासभर स्वस्थ बसावे लागते.

तेथे नातवाने प्रश्न केला, "आजोबा, हे पाणी पुढे कोठे जाते?" प्रश्न मोठा मार्मिक होता. वेण्णेचे पाणी पूर्वेस वाहते; साताऱ्याजवळ संगम माहुलीस ती कृष्णेस मिळते, आणि मग ते पाणी कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा सुमारे १४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास पोहोचते. उलट, याच पठाराच्या पश्चिम कड्यावर पडलेला पाऊस सावित्रीत उतरला, तर शे-सव्वाशे किलोमीटरांतच तो अरबी समुद्रात जातो. एकाच ढगातून शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक पूर्वसमुद्रास जातो, दुसरा पश्चिमसमुद्रास! महाबळेश्वराचे पठार म्हणजे हा जलविभाग होय. एवढे समजले की तेथील प्रत्येक उतार बोलका होतो. मग नातू वाटेतल्या प्रत्येक ओहोळापाशी थांबून "हा पूर्वेचा की पश्चिमेचा?" असे विचारू लागला.

तेथून क्षेत्र महाबळेश्वर पाच-सहा किलोमीटर आहे. चिरंजीव व सूनबाई मोटारीने पुढे गेली. आम्ही, आमच्या सौभाग्यवती व नातू रानातल्या पायवाटेने निघालो. येथील रान उंच नाही. पठाराची उंची सुमारे १३७० मीटर. पावसाळ्यात येथे पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, व वाऱ्याचा मारा असा की वृक्ष वर न वाढता गाठाळ व पसरट होतात. खाली पाहावे तर तांबडा जांभा दगड, वर पाहावे तर अंजनी, जांभूळ, पिसा, गेळा यांच्या गुंतलेल्या फांद्या, व त्यांतून गाळून येणारे हिरवट ऊन. उतारावर कारवीचे जंगल. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. ज्या वर्षी फुलते त्या वर्षी सारा डोंगर जांभळा होतो, व मधमाश्यांची दिवाळी होते. मधाच्या धंद्यासाठी हा तालुका पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. २०२२ साली येथील मांघर या गावास 'मधाचे गाव' असा मान मिळाला.

या वाटेवर आमची एक फजिती झाली, ती सांगण्यास हरकत नाही. हरीतकी हा शब्द आम्ही सबंध नोकरीभर मुलांकडून पाठ करून घेतला; तिचे गुणही सांगितले. पण वाटेवरच्या एका झाडाखाली पिवळसर, शिरांची फळे पडली होती, ती कसली, हे आम्हांस सांगता येईना. सरपणाचा भारा घेऊन येणाऱ्या एका वृद्धाने भारा खाली न ठेवताच सांगितले, "हिरडा हाय तो." हिरडा म्हणजेच हरीतकी. शब्द आमच्यापाशी होता, झाड त्याच्यापाशी होते. नातू हसला, आम्हीही हसलो. परंतु ती गोष्ट मनात राहिली.

थोडे पुढे गेल्यावर फांद्यांत मोठी खसखस झाली, आणि तांबूस पाठीचे, झुपकेदार शेपटीचे शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेपावले. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. त्यास झाडाला झाड लागलेले हवे. मध्ये चार झाडे तोडून रस्ता केला, तर आपल्यास ती चार झाडे. त्यास मात्र वाटच मोडली. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारने २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्याचे मर्म असल्या साध्या गोष्टींत आहे.

क्षेत्री पंचगंगेचे देऊळ काळ्या दगडाचे, जुने. यादवांपैकी सिंघण राजाने तेराव्या शतकात ते बांधविले, असे सांगतात. आत भिंतीच्या पायाशी कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे झरे निरनिराळे येतात, एकत्र होतात, आणि गोमुखातून कुंडात पडतात. पुराणकथा अशी की, ब्रह्मदेवाच्या यज्ञास येण्यास सावित्रीस विलंब झाला, म्हणून गायत्रीस यजमानपत्नीच्या आसनी बसविण्यात आले. सावित्री आली, तिने तो प्रकार पाहिला, आणि संतापून देवांस शाप दिला. विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा झाला, ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाला. आणि त्या दोघी परस्परांच्या शापाने नद्या होऊन पश्चिमेस गेल्या. भूगोलाचे पुस्तकही निराळे सांगत नाही: कृष्णा, वेण्णा व कोयना अखेरीस पूर्वेकडे जातात, सावित्री व गायत्री पश्चिमेकडे. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी हा जलविभाग पायांनी तुडविला असला पाहिजे.

सावित्री जेथे कड्यावरून खाली जाते, ते ठिकाण पाहण्यासाठी दुपारी आम्ही ऑर्थर सीट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कड्यावर गेलो. डावीकडे सावित्रीचे खोल, उघडे खोरे. उजवीकडे जोरचे हिरवेगार खोरे. समोर कड्यांवर कातळाचे थर एकावर एक, जणू कोणी पायऱ्या मांडल्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे पूर एकामागून एक वाहिले व थिजले, त्यांचे हे थर. हवा स्वच्छ असेल तर दूर पश्चिमेस समुद्राची रुपेरी रेघ दिसते. त्या दिवशी ती दिसली नाही. केवळ निळसर झाक दिसली.

येथे वारा कड्याच्या पायथ्यापासून वर चढतो, म्हणून हलकी वस्तू दरीत टाकली तर ती वर परत येते. पुष्कळ जण याची गंमत पाहण्यासाठी बाटल्यांची झाकणे व कागदी पेले खाली टाकीत होते. काही परत येत होते. जे परत येत नव्हते, त्यांची मोजदाद कोणी करीत नव्हते. पावसाळ्यात ती झाकणे कोणाच्या अंगणात जातात, हे पाहण्यास आम्ही दुसऱ्या दिवशी खाली उतरणार होतो.

ज्याच्या नावावरून हा कडा ओळखला जातो, त्या ऑर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची हकीकत अशी सांगतात की, त्याची पत्नी व तान्हे मूल सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीत नाव बुडून गेली. आणि पुढे तो या कड्यावर येऊन, खाली दिसणाऱ्या त्याच नदीकडे तासन् तास पाहत बसे. ती हकीकत ऐकल्यापासून आम्हांस तो कडा केवळ प्रेक्षणीय वाटत नाही. वरून जी नदी चांदीच्या तारेसारखी दिसते, तिच्या दुसऱ्या टोकाशी काय घडले, हे त्या एकट्या माणसास ठाऊक होते. इतर सर्व केवळ देखावा पाहत होते. आमच्या सौभाग्यवतींनी ही हकीकत ऐकली आणि त्या चिरंजीवांकडे पाहून काही न बोलता पुढे गेल्या. त्यांच्या मनात काय आले, ते आम्हांस समजले.

दुसऱ्या दिवशी प्रतापगडाजवळून आंबेनळीच्या घाटाने आम्ही पोलादपुरास उतरलो. वरची थंडी घाटातच राहिली. येथे सावित्री नदी म्हणून प्रथम भेटते: रुंद, दगडगोट्यांतून वाहणारी, मार्गशीर्षात गुडघाभर. परंतु हिच्या शांतपणावर विसंबू नये. हजाराहून अधिक मीटरांचा उतार ही नदी थोड्याच अंतरात संपविते. त्यामुळे वर पाऊस झाला की खाली पूर येण्यास वेळ लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा इंग्रजी अमदानीतील दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला, व एस. टी. च्या दोन बसगाड्या उतारूंसह वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच दिवशी महाड शहर पाण्याखाली गेले, व तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. वर जो पाऊस पाहण्यासाठी आपण आषाढ-श्रावणात मुद्दाम जातो, तो तेथेच संपत नाही. नव्या पुलावर आम्ही मोटार हळू करविली. नातवाने कठड्यावरून खाली पाहिले, आणि "हीच ती कालची?" एवढेच विचारले.

महाडास एक तळे आहे. प्रवासाच्या पुस्तकांतून त्याची गणना रम्य सरोवरांत होत नाही. भोवती घरे आहेत, दगडी काठ आहे, गावाचा गलबला आहे. तरीही तलाव पाहण्यास निघालेल्या माणसाने ते चुकवू नये, असे आमचे मत आहे. त्याचे नाव चवदार तळे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजास मोकळे असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून ठराव केला. परंतु पाणी काही मिळाले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह या तळ्यावर चालत गेले व त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर गावातील सनातनी मंडळींनी पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून, मंत्र म्हणून, तळे शुद्ध करविले. खटला चालला, १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला, व तळे सर्वांचे ठरले.

काठावर उभे राहून आम्ही हे सर्व नातवास सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, तेव्हा गुरे येथे पाणी पीत होती ना?" आम्ही म्हटले, "होय." "मग?" या 'मग'चे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ज्या भाषेची सेवा करण्यात आमचे आयुष्य गेले, तिच्यातलेच मंत्र त्या दिवशी या पाण्यावर म्हटले गेले, व म्हणणारे आपल्यासारख्याच घरांतले होते. ही गोष्ट आम्हांस पूर्वीही ठाऊक होती. पण पुस्तकात वाचणे निराळे, आणि त्या पायरीवर नातवासमोर उभे राहणे निराळे. आदल्या दिवशी पंचगंगेच्या गोमुखाखाली आम्ही भक्तिभावाने ओंजळ धरली होती. ओंजळीस पाण्याने कधी जात विचारलेली नाही. विचारली ती आपण. सहलीच्या लेखात हा विषय अप्रस्तुत आहे, असे एखाद्या वाचकास वाटेल. परंतु नदीच्या काठाने जावयाचे, तर काठावर जे आहे ते सर्वच पाहिले पाहिजे. आपल्या मनास बरे वाटेल तेवढेच निवडून चालत नाही.

रात्री आम्ही हरिहरेश्वरास पोहोचलो. पेशव्यांचे हे कुलदैवत. त्यांचे मूळ गाव श्रीवर्धन येथून जवळच. येथे सावित्री समुद्रास मिळते: अलीकडे हरिहरेश्वर, पलीकडे बाणकोट. देवळामागच्या टेकडीला प्रदक्षिणा घालण्याची वाट आहे. ती आधी वर चढते. मग दोन कातळांमधील अरुंद खिंडीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरते, व विष्णुपद, गायत्रीतीर्थ आदी स्थानांवरून पाण्याच्या कडेने टेकडीस वळसा घालून परत येते. लाटांनी खडक असे कोरले आहेत की मधाच्या पोळ्याचा भास व्हावा. कोकणातील अत्यंत सुंदर वाटांपैकी ही एक; आणि अत्यंत धोक्याच्या वाटांपैकीही एक.

सावित्रीच निवडण्याचे कारण म्हटले होते, ते येथे आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी त्रिपुरी पौर्णिमेस आम्ही, आमच्या सौभाग्यवती व नऊ वर्षांचे चिरंजीव या वाटेने निघालो होतो. पौर्णिमेस प्रदक्षिणेचे पुण्य अधिक, हा आमचा हिशेब. पूजा आटोपून साडेदहाच्या सुमारास आम्ही खिंडीतून खाली उतरलो. खडक ओले होते, तिकडे आमचे लक्ष गेले नाही. चिरंजीव पुढे धावत होते. इतक्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण समोरून लगबगीने आली. ती कालवे काढून परतत होती. तिने मुलाचा दंड धरला आणि आम्हांस दरडावून म्हणाली, "भटजी, पोराला घेऊन मागं फिरा. आज पुनव हाय. पानी बाराला भरंल." आम्ही काही उत्तर देणार, तोच एक लाट आली, आणि मुलगा क्षणापूर्वी जेथे उभा होता त्या खडकावरून ती गेली. त्याची एक वहाण तेवढी गेली. पायऱ्यांवर सुखरूप आल्यावर ती बाई आमच्याकडे पाहून म्हणाली, "पंचांग बघता, नि पानी बघत नाय?"

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आज पौर्णिमा आहे, हे आम्हांस पळा-घटिकांसह ठाऊक होते. पौर्णिमेस समुद्र काय करतो, हे मात्र ठाऊक नव्हते. वर सांगितलेल्या हिरड्यासारखीच ही गोष्ट. फरक इतकाच की तेथे हसे झाले, येथे मूल गेले असते. मग पायरीवर बसून, पाटी मांडीशी ठेवून, तिने आम्हांस जो हिशेब सांगितला, तो आम्ही वाचकांस देतो; कारण पंचांग आपल्या प्रत्येक घरी असते.

तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. प्रतिपदेस पाऊण वाजता, चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठ वाजता. पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा ते बारा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजावे. दिवसा जी वेळ, सुमारे तीच रात्री. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. याचे कारण उघड आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, व समुद्र त्याच्या मागे चालतो. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी फार चढते व फार उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते, म्हणून पाण्याची चढउतार कमी, तो भांग. मुंबईस मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते, यावरून त्याच्या बळाची कल्पना यावी. हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरता व स्थूल मानाचा आहे. भरती-ओहोटीची छापील कोष्टके मिळतात, ती पाहावी, आणि कोष्टकांहूनही गावच्या माणसाचा शब्द वरचा मानावा.

यंदा नातवास आम्ही हा हिशेब घरीच करावयास लावला. "शुद्ध सप्तमीस आपण तेथे असू. भरती किती वाजता?" आमच्या वेळची पाऊणकी आता शाळेत शिकवीत नाहीत, त्याने कागदावर गुणाकार केला. सात पाऊण सव्वापाच. म्हणजे ओहोटी सकाळी अकराच्या सुमारास. भांग जवळ आल्यामुळे समुद्रही मवाळ असणार. आम्ही दहा वाजता देवळात चौकशी केली, कोळ्यांस विचारले, व मगच खिंडीत उतरलो.

ती पाऊण तासाची प्रदक्षिणा आम्ही विसरणार नाही. पाणी दूर गेले होते. खडकांच्या खळग्यांत स्वच्छ डबकी साचली होती, व त्यांत इवले मासे व खेकडे फिरत होते. उजवीकडे टेकडीचा कोरलेला कडा, डावीकडे अथांग समुद्र, आणि समोर, बाणकोटच्या बाजूस, गढूळ हिरवे पाणी निळ्यात मिसळत होते. ती सावित्री. गोमुखाखाली जिला आम्ही ओंजळीत धरले, कड्यावरून जिला तारेसारखी पाहिले, महाडच्या पुलावरून जिला ओळखले, ती येथे आपले नाव टाकीत होती. नातू पुष्कळ वेळ उभा राहिला. छायाचित्र काढावयाचे त्यास सुचले नाही; आम्हीही सुचविले नाही. चिरंजीवांनी एक खडक दाखविला आणि मुलास सांगितले, "माझी वहाण येथून गेली." सौभाग्यवतींनी मात्र त्या खडकाकडे पाहिले नाही.

परतताना आम्ही कोळीवाड्यात त्या बाईची चौकशी केली. परंतु वर्णनावरून कोण सांगणार? तिचे नाव आम्ही त्या वेळी विचारलेच नव्हते. मुलाचा जीव वाचविणाऱ्या माणसाचे नाव विचारण्याचे सुचू नये, याची खंत आम्हांस पंचवीस वर्षे आहे, व ती यापुढेही राहील.

वाचकांस उपदेश करण्याची आमची जुनी खोड आहे. ती थोडक्यात आवरतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. प्रत्येक पावसाळ्यात धबधब्यांवर व धरणांच्या सांडव्यांवर कोणाची ना कोणाची मुले जातात. मुलांस घेऊन खडकावर अथवा पाण्यात उतरण्यापूर्वी तिथी पाहावी, आकाश पाहावे, आणि तेथे राहणाऱ्या माणसास विचारावे. तो नको म्हणाला तर वाद न घालता मागे फिरावे. पाण्यात असताना ओहोटीही भरतीइतकीच घातकी, कारण ती आत ओढते. तळ्यात अथवा दरीत काही टाकू नये. ते खाली कोणाच्या तरी दारी जाते. आणि वर्षातून बारा स्थळे पाहण्याऐवजी एखादी तरी नदी अथपासून इतिपर्यंत पाहावी. आपल्या गावाजवळची लहानशीही चालेल.

आमच्या घरच्या पंचांगात नातवाने आता प्रत्येक तिथीपुढे पेन्सिलीने भरतीची वेळ लिहून ठेवली आहे. पंचांगाचा तो उपयोग आम्हांस एका कोळिणीने शिकविला. तो चार घरी पोहोचला, तरी तिचे थोडेसे ऋण फिटेल.